नोकरी सोडायची हाक देवाची की थकव्याची?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: वय ३६, राहायला वसईत, नोकरी लोअर परळला एका विमा कंपनीच्या क्लेम विभागात. घरी नवरा आणि पाचवीतली मुलगी. गेलं वर्षभर दर रविवारी पॅरिशच्या (आपल्या भागातल्या चर्चच्या) गटाबरोबर कॅन्सरच्या रुग्णांना भेटायला जाणं होतं आणि परतताना मन भरून येतं. आता वाटू लागलंय की देव नोकरी सोडून पूर्णवेळ याच कामाला बोलावतोय. नवरा म्हणतो, ‘डोकं ठिकाणावर आहे ना?’ नोव्हेना (नऊ वेळा करायच्या प्रार्थना) झाल्या, उपास झाला, खूण काही मिळाली नाही. ही हाक देवाचीच आहे हे ओळखायचं कसं?

आधी खूण मागणं बंद करा. बुधवारी माहीमला नोव्हेनेला जाऊन प्रार्थना करणं वेगळं आणि ‘नऊ बुधवारांत अमुक झालं तर राजीनामा देते’ असं ठरवून जाणं वेगळं. कोकणात देवाला कौल लावतात, पाकळी कुठल्या बाजूने पडते ते बघतात. आपण कौल लावत नाही म्हणतो, पण डोळे मिटून बायबल उघडतो आणि बोट पडेल त्या ओळीत उत्तर शोधतो. काम तेच. मन आधीच कुठेतरी झुकलेलं असतं आणि हवी ती खूण ते शोधून काढतं. नको ती ओळ आली की ‘बोट सरकलं’ म्हणून दुसरं पान उघडलं जातं. लोकरीवर दव पडण्याची खूण देवाकडे मागणाऱ्या गिदोनाचा दाखला देणाऱ्यांनी बायबलमधल्या शास्तेचा सहावा अध्याय पहिल्यापासून वाचावा. काय करायचं ते देवाने गिदोनाला आधीच स्पष्ट सांगितलं होतं. लोकर त्यानंतर आली, आणि भीतीपोटी आली.

खरोखर स्पष्ट हाक आली तरी ती पारखून घेणं टळत नाही. मदर तेरेसांना १० सप्टेंबर १९४६ रोजी दार्जिलिंगला जाताना गाडीत हाक आली, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पुढचं फारसं कुणी सांगत नाही. त्यांनी ती गोष्ट आपल्या मार्गदर्शक फादरांपुढे ठेवली, कलकत्त्याच्या आर्चबिशपांनी मुळीच घाई केली नाही, रोमहून परवानगी यावी लागली, आणि लॉरेटोचा मठ सुटला तो ऑगस्ट १९४८ मध्ये. म्हणजे जवळजवळ दोन वर्षांनी. त्यानंतरही त्या थेट वस्तीत गेल्या नाहीत. आधी पाटण्याला जाऊन नर्सिंगचं शिकून घेतलं. तुमच्या प्रश्नाला चार-सहा महिने द्यावे लागले तर ते जास्त नाहीत.

दुसरं काम प्रार्थनेचं नाही, तब्येतीचं आहे. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ तपासून घ्या. पहाटे पाचला उठून डबे करायचे, वसईहून उभ्याने दादर गाठायचं, तिथून स्लो पकडून लोअर परळ, संध्याकाळी तेच उलटं, आणि मध्ये दिवसभर लोकांच्या दुखण्याच्या फायली. एवढं केल्यावर ‘सगळं सोडून द्यावं’ असं वाटायला देवाने बोलावलंच पाहिजे असं नाही. सलग सात दिवस रजा घ्या. त्या आठवड्यात सेवा नको, रिट्रीट (प्रार्थना शिबिर) नको, पाहुणे नकोत; झोप, साधं जेवण, मुलीबरोबर वेळ. आठवड्यानंतरही ओढ तशीच असेल तर पुढे चला. ती विरघळली असेल तर प्रश्न थकव्याचा होता, आणि त्याला बदली, शिफ्ट बदलणं, आठवड्यातून दोन दिवस घरून काम असे उपाय आहेत. झोप उडालेली आहे, कशातच रस नाही, रडू येतं, असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर डॉक्टर गाठा. मानसिक आरोग्याच्या मदतीसाठी टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे आणि त्यावर मराठीत बोलता येतं. नैराश्याला ‘आत्म्याची काळरात्र’, म्हणजे देव जवळ न वाटण्याचा साधनेतला टप्पा, म्हणून महिनोन्‌महिने अंगावर काढणारे भाविक कमी नाहीत. त्याने नुकसान होतं.

आता मुख्य गोष्ट. हाक ओळखण्याची जी पद्धत चार-पाचशे वर्षं टिकली आहे ती संत इग्नेशियस लोयोलांची. कॅथलिकांकडून आली असली तरी कुठल्याही मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, माणसाला वापरता येते. १५२१ मध्ये पॅम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने या सरदाराचा पाय मोडला. घरी पडून असताना त्याला शौर्यकथा हव्या होत्या, त्या मिळाल्या नाहीत. मिळाली ती ख्रिस्तचरित्राची आणि संतचरित्रांची पुस्तकं. तो आलटून पालटून दोन स्वप्नं रंगवायचा: एक दरबार, पराक्रम आणि एका मोठ्या घरच्या स्त्रीचं, दुसरं संतांसारखं जगण्याचं. रंगवताना दोन्ही गोड लागायची. फरक नंतर पडायचा. पहिलं संपलं की मन कोरडं पडायचं, दुसरं संपल्यावरही आनंद टिकायचा. यातूनच पुढे त्यांची ‘आध्यात्मिक साधना’ तयार झाली आणि १५४८ मध्ये पोपनी तिला मान्यता दिली. तुम्हाला करायचं आहे ते नेमकं हेच: ओढ वाटते तेव्हा काय होतं यापेक्षा ती ओसरल्यावर मागे काय उरतं, ते टिपायचं.

त्यासाठी रोज बारा ते पंधरा मिनिटांचं आत्मपरीक्षण. संध्याकाळच्या गाडीत होतं, बसायला मिळालंच पाहिजे असं नाही. इग्नेशियस पाच पायऱ्या सांगतात. आधी दिवसातल्या नेमक्या गोष्टींसाठी आभार; ‘सगळ्यासाठी थँक्यू देवा’ असं गोळाबेरीज नको. मग खरं दिसावं म्हणून प्रकाश मागणं. मग सकाळपासून तासातासाने दिवस बघणं. निम्म्याहून जास्त वेळ इथेच जावा. मग चुकलं त्याची क्षमा. शेवटी उद्यासाठी एकच छोटा निश्चय, आणि ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’. मीरा रोड येईपर्यंत होऊन जातं. बहुतेकांचं बिघडतं ते चौथ्या पायरीवर. परीक्षण म्हणजे चुकांची यादी असं लहानपणच्या कन्फेशनच्या तयारीतून डोक्यात बसलेलं असतं, आणि पंधरापैकी बारा मिनिटं स्वतःला झोडपण्यात जातात. मग दहा दिवसांत कंटाळा येऊन सगळं सुटतं.

घरी पोचल्यावर वहीत तीन ओळी. त्याहून जास्त नकोत, नाहीतर वही सुंदर लिहिण्याची हौस लागते. पहिल्या ओळीत आज मन कुठे ओलं झालं, म्हणजे विश्वास, आशा, प्रेम कुठे वाढलं. दुसरीत मन कुठे कोरडं, चिडचिडं, निराश झालं. तिसरीत त्यातलं काय दोन-तीन तासांनी टिकलं आणि काय उडून गेलं. वेळ आणि जागा लिहायलाच हवी. ओलावा म्हणजे आनंदी वाटणं असं समजू नका. रुग्णाच्या खाटेजवळ डोळ्यांत पाणी आलं आणि तरी देव जवळ वाटला, तो ओलावा. ऑफिसच्या पार्टीत हसत होतो आणि आतून रिकामं वाटत होतं, तो कोरडेपणा.

सहा आठवडे नोंदी झाल्या की एका बैठकीत सगळ्या वाचा. इथे लोकांना धक्का बसतो, म्हणून एक नमुना देतो. समजा वहीत असं सापडलं: ‘मंगळवार, ११.२०. क्लेम नाकारल्याचं पत्र गेलेलं, बाईंचा फोन. मिस्टर जाऊन महिना झालाय. डिस्चार्ज समरीतली तारीख चुकलीय हे लक्षात आलं, हॉस्पिटलकडून दुरुस्त करून कसं आणायचं ते समजावलं. वीस मिनिटं गेली. जेवणापर्यंत मन शांत, संध्याकाळीही.’ आणि रविवारच्या नोंदी अशा: ‘खूप भरून आलं. घरी आल्यावर मुलीवर ओरडले. सोमवारी ऑफिसातली माणसं किती उथळ वाटली.’ अशा सहा-सात जोड्या सापडल्या तर काय म्हणाल? मी तरी म्हणेन की या बाईला दुःखात असलेल्या माणसाच्या बाजूने उभं राहण्याची हाक नक्की आहे, पण ती आज तरी क्लेमच्या टेबलावर जास्त स्वच्छ ऐकू येतेय. नोंदी उलट्याही निघू शकतात. म्हणून तर लिहायच्या.

रविवारच्या नोंदींबद्दल इग्नेशियसांचा एक बारीक नियम आहे, जो धार्मिक माणसांना फार उपयोगी पडतो. देवाने दिलेला ओलावा खरा असतो, पण तो ओसरल्यानंतरच्या उबेत माणूस जे बेत आखतो ते त्याचे स्वतःचे असतात. दोन्ही वेळा वेगळ्या धरायला ते सांगतात. व्यवहारात याचा अर्थ: रविवारी रुग्णालयातून निघाल्यापासून मंगळवार सकाळपर्यंत कुणालाही शब्द द्यायचा नाही, कुठला फॉर्म भरायचा नाही, सिस्टरांना ‘मी लवकरच पूर्णवेळ येते’ म्हणायचं नाही. मोठ्या रिट्रीटनंतर ही मुदत दोन आठवडे धरा. संगीत, साक्षी, हजारो माणसांची प्रार्थना, यात खोटं काही नाही, पण दुसऱ्या दिवशी दिलेले राजीनामे हा वेगळा विषय आहे.

याची दुसरी बाजू जास्त कडक आहे: मन कोरडं असताना आधीचा निर्णय बदलायचा नाही. बॉसने सगळ्यांदेखत झापलं, अप्रेझलमध्ये रेटिंग घसरलं, जुलैच्या पावसात गाडी तीन तास अडकली, त्या रात्री ‘बस, देवाची हीच इच्छा’ असं वाटलं तर ते बाजूला ठेवायचं. कोरडेपणात प्रार्थनेची वेळ कमी न करता थोडी वाढवायची, असंही इग्नेशियस सांगतात. कारण साधं आहे. त्या मनःस्थितीत माणूस कुठल्या तरी दिशेने जात नसतो, कशापासून तरी पळत असतो.

मग येतो चांगल्या कपड्यांतला फसवा विचार. भक्त माणसाला सैतान चोरी करायला सांगत नाही, जास्त भक्ती करायला सांगतो. ओळखायचं कसं? विचाराची सुरुवात, मधला भाग आणि शेवट, तिन्ही चांगली आहेत का ते तपासायचं. सुरुवात रुग्णांविषयीच्या कळवळ्याने झाली. मध्ये कुठेतरी ‘ऑफिसातले लोक नुसते पैशाच्या मागे’ असा तुच्छपणा शिरला. शेवटी नवऱ्याशी अबोला, मुलीचा अभ्यास राहिला, रोजची प्रार्थनाही सुटली. इग्नेशियस म्हणतात, सापाची शेपटी दिसली की मागे जाऊन विचार नेमका कुठे वळला ती जागा शोधा. तुमच्या वहीत ती तारखेसकट सापडेल. याचा अर्थ मूळ कळवळा खोटा होता असा नाही. वळण काढून टाकायचं आणि पुन्हा बघायचं.

सहा आठवड्यांच्या नोंदींतून कल स्वच्छ दिसला तर उत्तम. बऱ्याच जणांना दिसत नाही, आणि त्यासाठी वेगळी रीत आहे, शांत मनाने डोकं चालवण्याची. शनिवार सकाळ निवडा, झोप झालेली असावी. आधी मनातला तराजू मधे आहे का बघा: देवाने ‘तिथेच राहा’ म्हटलं तर ते ऐकायची तयारी आहे का? प्रामाणिक उत्तर ‘नाही’ असेल तर तिथेच थांबा आणि पुढचे काही दिवस फक्त ती तयारी मागा. एका बाजूला बोट ठेवून केलेल्या वजनाला अर्थ नसतो.

तयारी असेल तर कागदावर चार रकाने आखा. दोन नाहीत, चार: नोकरी सोडली तर फायदे, सोडली तर तोटे, राहिले तर फायदे, राहिले तर तोटे. एकाचे तोटे म्हणजेच दुसऱ्याचे फायदे असं वाटतं, पण लिहायला बसलं की तसं निघत नाही. ‘सोडली तर तोटा’ यात पगार येतो. ‘राहिले तर फायदा’ यात ‘ऑफिसात नव्याने लागलेल्या दोन मुलींना मी सांभाळून घेते’ असं काहीतरी निघतं, जे आधी सुचलेलंच नसतं. मग प्रत्येक ओळीपुढे खूण करा: या ओळीने देवाची आणि माणसांची सेवा वाढते, की माझी सोय, भीती किंवा मान? ओळी मोजू नका. सोयीच्या अकरा ओळींपेक्षा सेवेची एक ओळ जड असू शकते.

पैशाचा हिशोब याच कागदाच्या मागे. घराचा हप्ता, शाळेची फी, सासू-सासऱ्यांची औषधं धरून महिन्याचा खरा खर्च, आणि किमान सहा महिन्यांचा तेवढा पैसा बाजूला आहे का. कंपनीचा मेडिक्लेम नोकरीबरोबर जातो आणि नव्या पॉलिसीत आधीच्या आजारांना थांबायला लागतं, हे क्लेम विभागातल्या माणसाला सांगायला नको. ग्रॅच्युइटीची पाच वर्षं भरायला चार महिने उरले असतील तर चार महिने थांबा, देव थांबतो. हिशोब करणं म्हणजे अविश्वास असं कुणी म्हणालं तर त्याला लूकच्या चौदाव्या अध्यायातला, बुरूज बांधण्याआधी बसून खर्च मोजणारा माणूस दाखवा. तो दाखला येशूचाच आहे.

कल ठरला की तीन कसोट्या. तुम्हाला कधीही न भेटलेली, अगदी तुमच्यासारख्याच परिस्थितीतली एक बाई, समजा नालासोपाऱ्याची, हाच प्रश्न घेऊन आली. तिला काय सांगाल? मोठ्याने सांगा. दुसऱ्याला आपण फार शहाणे असतो, तो शहाणपणा इथे कामाला येतो. दुसरी: मरणाच्या वेळी कुठला निर्णय घेतलेला असावा असं वाटेल. तिसरी: न्यायाच्या दिवशी देवापुढे उभं राहिल्यावर. शेवटच्या दोन्हींत ढोंग टिकत नाही. मात्र अपराधीपणाने पछाडलेल्या माणसाने त्या एकट्याने करू नयेत, त्याला प्रत्येक वेळी कठीणच पर्याय देवाचा वाटतो.

आता तुमच्या प्रश्नातली सगळ्यात महत्त्वाची आणि तुम्ही एका वाक्यात उरकलेली गोष्ट: नवरा. ज्या निर्णयांची गाठ सुटत नाही, म्हणजे लग्न आणि धर्मगुरूपद, ते एकदा घेतल्यावर पुन्हा निवडीसाठी उघडायचे नाहीत, असं इग्नेशियस स्पष्ट सांगतात. त्या चौकटीत राहून नीट कसं जगायचं एवढाच प्रश्न उरतो. संसारी माणसांसाठी त्यांनी दिलेले प्रश्न बघा: घर किती मोठं ठेवायचं, नोकरचाकर किती, घर कसं चालवायचं, मिळकतीतलं किती घरात आणि किती गरिबांना. साधी वाटतात, पण यातच बहुतेकांची हाक असते. तुमचं लग्न ही तुम्हाला आधीच आलेली आणि तुम्ही वेदीपुढे स्वीकारलेली हाक आहे. दुसरी हाक तिला तोडत असेल तर संशय दुसरीवर घ्यायचा.

कवी ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये मुंबईत झाला आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० मध्ये. मधली वर्षं त्या बाईंनी कशी काढली हे मराठी वाचकाला वेगळं सांगायची गरज नाही. टिळकांची हाक खरी होती यात मला शंका नाही. पण हाक एकाला आली आणि किंमत दोघांनी मोजली, आणि जास्त तिने. तुमच्या हाती ते टाळणं आहे. नवऱ्याला वाटणारी भीती ही देवाच्या मार्गातली धोंड समजू नका, तीही एक माहिती आहे. त्याला नेमकं काय खुपतंय ते शोधा. बहुतेक वेळा ते पैशाचं नसतं. बायको आपल्याला मागे टाकून कुठेतरी पवित्र ठिकाणी निघाली, ही टोचणी असते.

मार्गदर्शक हवा, आणि एकच हवा. बायबलमधल्या लहानग्या शमुवेलाला देवाने हाक मारली तेव्हा तो तीनदा एली याजकाकडे धावला. आवाज कुणाचा हे त्याला कळलं नाही, ओळखलं ते म्हाताऱ्या एलीने. त्याची नजर मंदावली होती, मुलं हाताबाहेर गेली होती, तरी ही पारख त्याला होती. म्हणून तुमचा मार्गदर्शक संत असायची वाट बघू नका. साधना देण्याचं प्रशिक्षण घेतलेले फादर, सिस्टर किंवा अनुभवी प्रापंचिक चालतील. जेझुइटांचं, म्हणजे इग्नेशियसांनी स्थापलेल्या संघाचं, वांद्र्यातलं साधनागृह किंवा तुमचा पॅरिश इथे चौकशी करा, नोकरी-घर न सोडता महिनोन्‌महिने चालणारी साधनाही असते. प्रोटेस्टंट मंडळीत असाल तर पाळक साहेबांना विचारा. निवडताना तीन गोष्टी बघा: पहिल्याच भेटीत ‘सोडा’ किंवा ‘सोडू नका’ म्हणणारा नको, तुम्ही गेल्याने ज्याच्या संस्थेला माणूस मिळणार आहे तो नको, आणि ऐकलेलं बाहेर नेणारा तर मुळीच नको. महिन्यातून एकदा पाऊण तास पुरतो. जाताना वही न्या. पाच जणांना विचारत फिरणारा माणूस सहसा सल्ला शोधत नसतो, होकार शोधत असतो.

जी गोष्ट मार्गदर्शकापासून लपवावीशी वाटते ती पहिल्यांदा सांगा. फसवा विचार चोरट्या प्रियकरासारखा असतो, त्याला गुप्तता हवी असते, हे इग्नेशियसांचंच निरीक्षण आहे. ‘ऑफिसात माझ्याऐवजी ज्युनियरला टीम लीड केलं’ हे जर तुम्ही आतापर्यंत कुणालाच सांगितलं नसेल आणि ओढ त्याच महिन्यात वाढली असेल, तर ते टेबलावर यायला हवं.

यानंतर चाचणी. साठलेल्या रजेतले पंधरा दिवस काढा आणि पूर्णवेळ ते काम करा. वांद्र्याला माउंट मेरीजवळ शांती अवेदना सदन आहे, १९८६ मध्ये सुरू झालेलं देशातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे बरं न होणाऱ्या रुग्णांची अखेरपर्यंत शुश्रूषा करणारी जागा. तिथे किंवा तुमचा गट जिथे जातो तिथे आधी परवानगी घेऊन विचारा, आणि फक्त गप्पा मारायचं काम मागू नका. रविवारी भेटायला येणाऱ्याला आभार मिळतात. सोमवारी राबणाऱ्याला बेडपॅन, चादरी, औषधांचं रजिस्टर आणि रुग्णाच्या भावाचा विनाकारण संताप मिळतो. आठव्या-नवव्या दिवशी नवलाई ओसरते. त्यानंतरच्या नोंदी खऱ्या. तेव्हाही थकून घरी आल्यावर मन शांत राहत असेल आणि मुलीशी तुम्ही मऊ वागत असाल, तर तो मोठा पुरावा आहे.

चाचणीनंतर तिथल्या लोकांनाही विचारा. हाक एकतर्फी नसते. तुमच्यातलं त्यांना काय उपयोगी वाटलं? कदाचित ते म्हणतील, उचलाउचल करणारी माणसं मिळतात, विम्याचे आणि सरकारी योजनांचे कागद समजावणारं कुणी नाही. आठवड्यातून एक संध्याकाळ द्या. तुम्हाला हे कमी वाटेल. त्यात पवित्र काही दिसणार नाही. पण परळला टाटा हॉस्पिटलच्या बाहेर फुटपाथवर राहणाऱ्या कुटुंबाला योग्य फॉर्म वेळेत भरून मिळणं म्हणजे काय, हे तुमच्याइतकं कुणाला कळणार?

आणि त्यांनी नकोच म्हटलं तर? तुमच्या वसईचेच संत गोन्सालो गार्सिया बघा. जेझुइटांबरोबर जपानला गेले, त्यांना मदत करत राहिले, पण संघात प्रवेश काही मिळाला नाही. मग व्यापार केला, चांगला केला. पुढे मनिलाला फ्रान्सिस्कन बंधू झाले, आणि आधीच्या वर्षांत शिकलेली जपानी भाषा त्यांना दुभाषा म्हणून पुन्हा जपानला घेऊन गेली. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला ते श्रद्धेसाठी हुतात्मा झाले. एका दारातला नकार म्हणजे हाक नव्हती असं ठरत नाही, आणि मधली व्यापाराची वर्षंही वाया गेली नाहीत.

एवढं झाल्यावर निर्णय घ्या, प्रार्थनेत देवापुढे ठेवा आणि तीन आठवडे कुणालाही न सांगता तो घेतल्यासारखं जगा. वही चालूच. निर्णयाच्या दुसऱ्या दिवशी धास्ती वाटली म्हणून तो चुकला असं नसतं. धास्ती उथळ असते, तिच्याखाली शांतता आहे का ते बघायचं. तीन आठवड्यांनीही खालचं पाणी गढूळच असेल तर कागद पुन्हा काढा.

नवऱ्याशी बोलणं मात्र शेवटी ठेवू नका, पहिल्या आठवड्यातच करा. निर्णय सांगायला नाही, वही सुरू करतेय हे सांगायला. गाडीच्या गर्दीतून आल्या आल्या नको, रविवारच्या भेटीनंतर तर नकोच. शनिवारी जेवण झाल्यावर बरं. त्याला एकच मागा: सहा महिने ‘हो’ही म्हणू नकोस, ‘नाही’ही म्हणू नकोस, महिन्यातून एकदा माझ्या नोंदी ऐक आणि तुला माझ्यात काय फरक दिसतो ते सांग. घरातल्या माणसाला चिडचीड आणि शांतपणा मार्गदर्शकाच्या आधी दिसतो. चार रकान्यांतले दोन त्याला भरू द्या. आणि काहीही ठरलं तरी अंमलाची तारीख मुलीच्या वार्षिक परीक्षेनंतरची ठेवा, नोटीस पीरियड नव्वद दिवसांचा असेल तर तो त्यात धरून.